पाण्याखालचा दमसास

विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ खाली राहतो, ही पैज उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावी लागते. कुणी तळाची माती मुठीत घेऊन वर येतो, कुणी काठावरच्यांना आकडे मोजायला लावतो. आकडा जितका वाढेल तितकी काठावरची आरडाओरड वाढते. एखादा गडी नेहमीपेक्षा जास्तच वेळ वर आला नाही, तर आधी कौतुक होतं आणि काळजी नंतर सुचते. शहरातल्या तरणतलावांवर हीच पैज आता एका दमात एक लांबी, मग दोन लांब्या अशी लागते. मोबाइलवर दम वाढवून देणारी ॲप आहेत आणि पाच मिनिटं श्वास रोखायला शिकवणारे व्हिडिओ पोत्याने पडलेत.

या सगळ्यामागे एक समजूत घट्ट बसलेली आहे: छाती मजबूत करा, मन घट्ट करा, घाबरायचं सोडा, की दम आपोआप वाढतो. दम वाढतो हे खरंच आहे. पण वाढलेल्या दमाबरोबर सुरक्षितताही वाढते, असं जे गृहीत धरलं जातं ते मात्र साफ चुकीचं आहे. गेल्या साठ वर्षांतलं संशोधन आणि श्वास रोखून बुड्या मारण्याच्या फ्रीडायव्हिंग या खेळाचा अनुभव जवळजवळ उलट सांगतो. माणूस जितका तयार होत जातो, तितकी त्याला पाण्यात दुसऱ्या माणसाची गरज वाढते. असं का, हे समजायला थोडं शरीरात डोकावावं लागेल.

श्वास रोखल्यावर काही वेळाने जी तगमग सुरू होते, ती ऑक्सिजन संपत आल्यामुळे होत नाही. रक्तात साठत चाललेला कार्बन डायऑक्साइड ती घडवून आणतो. एरवी रक्तात या वायूचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो पन्नाशीकडे गेला की बहुतेकांना राहवत नाही. छाती आवळते, पोटाच्या वरच्या भागात श्वासपटल झटके द्यायला लागतं, गिळल्यासारखं होतं, जीव घाबरा होतो. हा झाला गजर. ऑक्सिजन उतरत गेल्याची सूचना मात्र इतकी क्षीण असते की ती लक्षातही येत नाही. शेवटच्या टप्प्यात काही जणांना उलट बरं वाटायला लागतं, तगमग ओसरल्यासारखी होते आणि पुढच्या क्षणी शुद्ध हरपते. वाचलेल्यांना विचारलं तर ते सांगतात, ‘मी तर व्यवस्थित पोहत होतो.’

आता हा गजर मुद्दाम बिघडवता येतो, आणि खरी मेख इथे आहे. बुडी मारण्याआधी भराभर, खोल, जोरजोरात श्वास घेतले की छातीत भरपूर ऑक्सिजन साठतो, असं वाटतं. प्रत्यक्षात निरोगी माणसाचं रक्त आधीच ९७–९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. त्यात फारशी भर पडायला जागाच नसते. उतरतो तो कार्बन डायऑक्साइड, कधी कधी निम्म्यावर. त्यामुळे तगमग उशिरा सुरू होते, पण ऑक्सिजन नेहमीच्याच वेगाने खर्च होत राहतो. गजर अर्धा तास पुढे ढकलला म्हणून गाडी उशिरा सुटत नाही. पोहणारा मनात म्हणतो, आज दम छान लागलाय, अजून एक लांबी जाऊ. आणि गजर वाजण्याआधीच तो बेशुद्ध होतो.

अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे डॉक्टर अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्ये अशा प्रसंगांवर लेख लिहिले आणि त्यामागचं कारण मांडलं. त्यातलं चित्र आजही तसंच्या तसं लागू पडतं: पोहणारा चांगल्यातला, पाण्यात उतरण्याआधी भराभर श्वास घेतलेले, डोळ्यासमोर गाठायचा एखादा पल्ला. न्यूयॉर्क राज्याने १९८८ ते २०११ या काळातले असे १६ प्रसंग तपासले. त्यातले ४ जण दगावले. मेलेले नवशिके नव्हते, पोहण्यात तरबेज तरुण होते. ज्याला पोहता येत नाही तो पाण्याखाली दीड मिनिट राहायच्या भानगडीत पडतच नाही.

आपल्याकडे या गोष्टीला एक वेगळा पदर आहे. सकाळी भस्त्रिका करून थेट तलावावर जाणारे लोक मी पाहिले आहेत. भस्त्रिका सतरंजीवर करा, कुंभकही सतरंजीवरच करा. तिथे चक्कर आली तर माणूस आडवा होतो आणि आपोआप श्वास घ्यायला लागतो. पाण्यात तो श्वास पाण्याचा असतो. प्राणायाम करणाऱ्याला आपला दम इतरांपेक्षा जास्त असल्याचा सार्थ अभिमान असतो, आणि नेमका म्हणूनच त्याला हे सांगणं अवघड जातं. परदेशातून आलेल्या, थंड पाण्याशी जोडलेल्या श्वासाच्या नव्या पद्धतींनाही हेच लागू आहे.

तलावात धोका एवढाच. समुद्रात किंवा खोल विहिरीत त्यात आणखी एक भर पडते, ती दाबाची. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. समजा तिथे फुप्फुसातल्या हवेत ऑक्सिजन फक्त ४ टक्के उरला आहे. तिप्पट दाबामुळे त्याचा अंशदाब ढोबळ मानाने पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे शरीराला सारं आलबेल वाटतं. तोच माणूस वर निघाला की दाब उतरत जातो, आणि पृष्ठभागापाशी तोच ४ टक्के ऑक्सिजन जेमतेम ३० मिलिमीटर दाबाचा उरतो. शुद्ध टिकायला एवढं पुरत नाही. म्हणून खोल बुडीत माणसं तळाशी बेशुद्ध पडत नाहीत. ती पडतात शेवटच्या दहा मीटरांत, किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर, पहिला श्वास घेतल्यानंतरच्या काही सेकंदांत. ‘वर आला, म्हणजे सुटला’ असं समजून जोडीदार पाठ फिरवतो तो नेमका याच वेळी.

शरीर मात्र पाण्यासाठी अगदीच परकं नाही. चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि श्वास थांबला की नाडी मंदावते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त हृदय-मेंदूकडे वळतं. सील आणि बदकांमध्ये ठळकपणे दिसणारी ही प्रतिक्रिया माणसातही आहे, हे पेर श्योलांडर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं. त्यात प्लीहाही सामील असते: ती आकुंचन पावते आणि तिच्यात साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. आग्नेय आशियातले बजाऊ लोक पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून मासे धरत आले आहेत. त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी जमातीच्या प्लीहेपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, आणि ज्या बजाऊंनी कधी बुडी मारली नव्हती त्यांचीही ती मोठीच होती. म्हणजे हा नुसत्या सरावाचा परिणाम नव्हे, जनुकांचाही आहे. आपल्याला ती देणगी नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

एके काळी शरीरशास्त्रज्ञांचं गणित असं होतं की माणूस तीस-चाळीस मीटरच्या खाली गेला तर दाबाने त्याची छाती चेपून जाईल. तीस मीटरवर चार वातावरणांचा दाब असतो, सहा लिटरच्या फुप्फुसात दीड लिटर हवा उरते आणि फुप्फुस त्याहून फारसं आकसू शकत नाही. १९६१ मध्ये इटलीच्या एन्झो मायोर्काने पन्नास मीटर गाठले, १९७६ मध्ये फ्रान्सच्या जाक मायोलने एल्बा बेटाजवळ शंभर मीटर गाठले, आणि गणित करणाऱ्यांना नवं कारण शोधावं लागलं. ते असं निघालं की खोलात रक्त छातीतल्या रक्तवाहिन्यांत सरकतं आणि कमी झालेल्या हवेची जागा भरून काढतं. आज पायांना पंख लावून स्वतःच्या बळावर १३० मीटरच्या पलीकडे जाणारे आहेत. या पराक्रमांवर पुस्तकं आणि चित्रपट भरपूर निघालेत, म्हणून मी ते इथे वाढवत नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती पोटासाठी बुड्या मारणाऱ्यांची गोष्ट. आखाती देशांतल्या मोत्यांच्या धंद्यात बुडी मारणाऱ्यासोबत एक सैब असे. वर नावेत दोर धरून बसायचं, खालून हिसका आला की जिवाच्या आकांताने ओढायचं, हे त्याचं काम. मन्नारच्या आखातात तुतीकोरिनकडचे पाणबुडे दगडाचं वजन घेऊन खाली जात, आणि त्यांच्याही दोराचं टोक वर कुणाच्या तरी हातात असे. जपानच्या अमा स्त्रियांपैकी ज्या नावेतून बुड्या मारत, त्यांचा दोर बहुधा नवरा धरून बसे. कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो दोर वापरत नाहीत, पण त्या घोळक्याने समुद्रात उतरतात. त्यांच्यात अनुभवाप्रमाणे पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीच्या बायका इतरांना समुद्र शिकवतात. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेला मानवी वारशाच्या यादीत जागा दिली. यातल्या बहुतेक जणी आता साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांची एकेक बुडी मिनिटाभराच्या आतबाहेरची असते. विक्रमाची त्यांना पडलेली नाही. वर आल्यावर शीळ घालत श्वास सोडायचा, टोपली सावरायची आणि पुन्हा खाली जायचं. धंदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक समाजाने दुसरा माणूस कामाचा भागच करून टाकलेला होता. एकट्याने बुडी मारून दम आजमावणं ही अलीकडची, हौशी लोकांची रीत आहे.

तरीही सोबत असली म्हणजे सगळं निभावतं असं नाही. पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांवरचे मोती काढणारे दिवसभर, दोन बुड्यांत थोडाच दम घेऊन, खोल बुड्या मारत. त्यांच्यात चक्कर, पक्षाघात, वेड लागल्यासारखं होणं, कधी मृत्यू असा एक आजार पसरलेला होता. ते त्याला तारावाना म्हणत. १९६० च्या दशकात त्यावर लिहिलं गेलं तेव्हा ध्यानात आलं की शेजारच्या मांगारेवा बेटावरचे पाणबुडे दोन बुड्यांमध्ये बराच जास्त वेळ विश्रांती घेतात आणि त्यांना हा त्रास होत नाही. बुडी एक असो की शंभर, दर वेळी थोडा नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि विश्रांती कमी पडली की तो साठत जातो. म्हणून फ्रीडायव्हिंगमध्ये वर आल्यावर निदान बुडीच्या दुप्पट वेळ थांबायचा नियम आहे, आणि खोली वाढली की तो वेळ आणखी वाढतो.

हे वाचताना मला वसई-ठाण्याच्या खाड्यांमधले डुबी लावणारे कामगार आठवतात. बांबूच्या आधाराने खाडीच्या तळाशी जायचं, गढूळ पाण्यात चाचपडत बादलीत वाळू भरायची आणि वर यायचं. भरलेली बादली नावेवरचे सोबती ओढून घेतात. हेच दिवसभर. सरकारदरबारी हातपाटी आणि डुबी पद्धतीची स्वतंत्र नोंद आहे, किती ब्रास वाळू निघाली याचाही हिशेब आहे. दोन बुड्यांमध्ये किती थांबायचं, कान दुखला तर काय करायचं, हे त्यांना सांगणारी व्यवस्था कुठे दिसत नाही. मराठी मुलखात श्वास रोखून पाण्याखाली जाण्याचा सर्वात मोठा अनुभव कुणाकडे असेल तर तो यांच्याकडे आहे. तरी या विषयावरच्या कुठल्याच लेखात त्यांचं नाव येत नाही.

आता शिकण्याकडे. चांगल्या शिक्षकाचा पहिला दिवस बराचसा कोरड्या जमिनीवर जातो, आणि दम वाढवण्याचे बरेचसे तक्ते मुळात सोफ्यावर करण्यासाठीच आहेत. एका तक्त्यात श्वास रोखण्याचा वेळ तोच ठेवून मधली विश्रांती कमी करत नेतात. त्याने कार्बन डायऑक्साइडची तगमग सोसायची सवय होते. दुसऱ्यात विश्रांती तीच ठेवून रोखण्याचा वेळ वाढवत नेतात, म्हणजे शरीराला कमी ऑक्सिजनची ओळख होते. दोन्ही उपयोगी आहेत. पण पहिला तक्ता नेमकं काय करतो ते पुन्हा एकदा बघा: तो गजराकडे दुर्लक्ष करायला शिकवतो. नवशिक्याला त्याची घाबरगुंडीच वाचवत असते, शिकलेल्याजवळ ती उरत नाही. म्हणून हे तक्ते पाण्यात एकट्याने करणं म्हणजे आत्मघात आहे, मग पाणी कमरेएवढं का असेना. बाथटबमध्येही माणसं मेली आहेत.

पाण्यातला सराव जवळून पाहिला तर त्यात नाट्य काहीच नसतं. एक जण उथळ भागात पालथा, सैल होऊन तरंगतो, तोंड पाण्यात. दुसरा शेजारी उभा, एक हात त्याच्या पाठीच्या जवळ, नजर घड्याळावर कमी आणि त्याच्यावर जास्त. ठरलेल्या वेळी हा त्याच्या बोटांना टिचकी मारतो, तो एक बोट उचलून उत्तर देतो. सुरुवातीला दर मिनिटाला, शेवटाकडे दर पंधरा सेकंदांना. उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा टिचकी, आणि तरीही आलं नाही तर विचार न करता उलटा करून तोंड पाण्याबाहेर. वर येणाराही डोकं काढून हुश्श करत बसत नाही. कठडा धरायचा, थोडीच हवा सोडायची, झटकन छाती भरायची, क्षणभर दाबून धरायची, पुन्हा तेच, असे पाच-सहा श्वास. मग मास्क काढून ठीक असल्याची खूण आणि तसं तोंडाने सांगणं. स्पर्धेत हे सगळं १५ सेकंदांत, ठरल्या क्रमाने करून दाखवावं लागतं, नाहीतर बुडी कितीही खोल असली तरी बाद. त्यानंतरही जोडीदार निदान अर्धा मिनिट नजर हलवत नाही. समुद्रात हाच नियम ‘एक खाली, एक वर’ असा होतो. दोघे एकदम खाली गेले तर जोडी असून नसल्यासारखीच.

आणि एवढं करूनही शुद्ध हरपली तर? बेशुद्ध होणं म्हणजे मरणं नव्हे. शुद्ध गेल्यावर बऱ्याचदा घसा आवळून बंद होतो आणि काही वेळ पाणी आत जात नाही. या अवधीत कुणी तोंड पाण्याबाहेर काढलं, मास्क हटवून गालावर फुंकर मारली, गाल थोपटला, नावाने हाक मारली, तर बहुतेक जण काही सेकंदांत दचकून श्वास घेतात आणि आपण बेशुद्ध होतो हे मान्यच करत नाहीत. शुद्धीवर आले नाहीत तर तोंडाने श्वास द्यावा लागतो आणि दवाखाना गाठावा लागतो. तोच माणूस एकटा असता तर दोन-चार मिनिटांत बुडून मेला असता.

हा फरक किती मोठा आहे ते स्पर्धांच्या नोंदींत दिसतं. फ्रीडायव्हिंगची आंतरराष्ट्रीय संघटना आयडा १९९२ मध्ये स्थापन झाली. स्पर्धांमध्ये माणसं बेशुद्ध होतात, आणि नेहमीच होतात. पण जागच्या जागी सुरक्षा-पाणबुडे असल्यामुळे २०१३ पर्यंत तिच्या स्पर्धेत एकही मृत्यू झाला नाही. त्या वर्षी बहामातल्या डीन्स ब्लू होलमध्ये अमेरिकेचा निकोलस मेव्होली पंखांशिवाय ७२ मीटर जाऊन स्वतः वर आला आणि नंतर कोसळला. त्याचं कारण फुप्फुसाला झालेली इजा हे होतं. थुंकीत रक्त दिसलं तर काही आठवडे पाण्यात उतरू नये, हा नियम त्यानंतर अधिक गांभीर्याने घेतला जाऊ लागला. याउलट नताल्या मोल्चानोवा. नऊ मिनिटांहून जास्त वेळ श्वास रोखणारी पहिली स्त्री, डझनावारी विश्वविक्रम नावावर. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेन्तेरा बेटाजवळ ती खाजगी शिकवणी देत असताना स्वतःसाठी म्हणून एक बुडी मारायला गेली आणि परत आली नाही. ती कुठल्याही विक्रमाच्या मागे नव्हती.

विक्रमांचे आकडे ऐकताना एक खबरदारी घ्यावी. स्टेफान मिफ्स्यूदने २००९ मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला, ते साध्या हवेवर. क्रोएशियाच्या बुदिमिर शोबातने २०२१ मध्ये २४ मिनिटं ३७ सेकंद गाठले, ते आधी शुद्ध ऑक्सिजन ओढून. हे दोन वेगळे खेळ आहेत, आणि बातम्यांत ते सर्रास एकत्र केले जातात. चोवीस मिनिटांचा मथळा वाचून तीन मिनिटांत काय बिघडणार असं वाटणाऱ्या पोरांना हा फरक कुणीतरी समजावून सांगायला हवा.

पोहण्याच्या प्रशिक्षकांशीही माझा एक वाद आहे. मुलांना एका दमात पूर्ण लांबी पाण्याखालून काढायला लावणं, मागे राहील त्याला पुन्हा करायला लावणं, हा प्रकार अजून बऱ्याच ठिकाणी चालतो. हातांच्या ठरावीक फेऱ्यांनंतर श्वास घ्यायचा सराव वेगळा. त्यात श्वास मिळत असतो. पण पल्ला ठरवून, स्पर्धा लावून, एकामागून एक मुलं पाण्याखाली सोडली की काठावरच्या एका माणसाची नजर सगळ्यांवर राहूच शकत नाही. अमेरिकेतल्या कित्येक तलावांवर दीर्घ श्वासरोधाला आता सरळ बंदी आहे. आपल्याकडे फलकावर तेल लावून उतरू नये, थुंकू नये असं लिहिलेलं असतं. त्यात ही एक ओळ घालायला खर्च येत नाही.

शिकायचंच असेल तर? तारकर्लीला पर्यटन महामंडळाची संस्था आहे, पण तिथे शिकवतात ते स्कूबा, आणि स्कूबाचा पहिला धडा नेमका उलटा असतो: श्वास कधीही रोखायचा नाही, नाहीतर वर येताना हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटतं. सकाळी स्कूबा केलं असेल तर त्या दिवशी दम रोखून खोल बुड्या मारायच्या नसतात, कारण नायट्रोजन अंगात साठलेला असतो. सर्दी असेल तर कानातला दाब सारखा करता येत नाही, तेव्हा त्या दिवशी पाणी नाही. फिट येण्याचा इतिहास, हृदयाचा विकार, दमा असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मुळीच नाही.

फ्रीडायव्हिंगचे अभ्यासक्रम घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे शिक्षक भारतात थोडे आहेत, पण आहेत. नाव नोंदवण्याआधी शिक्षकाला विचारायचा प्रश्न किती मिनिटं करून द्याल हा नाही. आयडाच्या दुसऱ्या पातळीला दोन मिनिटं स्थिर श्वासरोध आणि पाण्याखालून आडवं ४० मीटर जाणं लागतं. धडधाकट माणूस हे काही दिवसांत गाठतो. त्याच परीक्षेत बेशुद्ध झालेल्या जोडीदाराला काही मीटर खोलीवरून वर आणून, तोंड पाण्याबाहेर धरून, मास्क काढून शुद्धीवर आणून दाखवावं लागतं. तो भाग शिकवायला किती वेळ देणार, हे आधी विचारून घ्यावं. आणि सोबत कोण येणार आहे तेही ठरवून ठेवावं, कारण अभ्यासक्रम संपल्यावर शिक्षक घरी जातो आणि तलावावर त्याच जोडीदाराबरोबर उतरायचं असतं.